चौकटीच्या कागदावर ब्लॅकलेटर

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक अक्षर शेवटी बारीक चौकोनी ठिपक्यांतून उभे राहते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि ज्या टंकात हे ठिपके लपवण्याऐवजी मुद्दाम दिसू दिले जातात, किंबहुना अमुक चौकट भरायची की रिकामी ठेवायची या एकाच प्रश्नावर प्रत्येक अक्षराची आकृती रचली जाते, त्याला पिक्सेल टंक असे नाव आहे. ब्लॅकलेटर हे वळण याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे वाटते. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत, जर्मन ग्रंथांत आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वृत्तपत्राच्या नाममुद्रेत दिसणारी ती काळीभोर, टोकदार आणि दाटीवाटीने उभी राहिलेली रोमन अक्षरे बहुतेकांना ‘गॉथिक’ किंवा ‘ओल्ड इंग्लिश’ या नावाने परिचित असतात. जुन्या संगणकांची आठवण करून देणारा आणि तरीही ब्लॅकलेटरचा बाज राखणारा टंक काढू पाहणाऱ्यांचे लक्ष साहजिकच त्या काळ्या, अणकुचीदार भागाकडे जाते, आणि तेथेच त्यांची फसगत होते. कारण असा टंक बिघडतो तो बहुतेक वेळा दोन काळ्या रेघांमधल्या पांढऱ्या जागेत, आणि आखणीची सुरुवातही तेथूनच व्हायला हवी.

ब्लॅकलेटरचा उगम बाराव्या शतकाच्या सुमारास पश्चिम युरोपात, त्याआधी प्रचलित असलेल्या गोलसर कॅरोलिंगियन वळणातून झाला. अक्षरे अरुंद होत गेली, गोलाई मोडून कोन आले आणि पानावर काळ्या रंगाची एकसारखी वीण दिसू लागली. या वळणाच्या सर्वांत कडक प्रकाराला ‘टेक्स्टुरा’ म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी विणण्याचीच कल्पना आहे. इटलीतील मानवतावादी विद्वानांना हे वळण रुचले नाही, म्हणून त्यांनी त्याला गॉथ टोळ्यांशी जोडून हिणवले, आणि ते हिणवणेच पुढे नाव होऊन बसले. गटेनबर्गने माइंझ येथे १४५५ च्या सुमारास छापलेले बायबल, ज्याच्या स्तंभात बहुतेक ठिकाणी ४२ ओळी आहेत, ते टेक्स्टुरातच आहे. दक्षिण युरोपातला गोलसर ‘रोटुंडा’, पंधराव्या शतकाअखेरचा जर्मन ‘श्वाबाखर’ आणि सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या आश्रयाने घडलेला ‘फ्राक्टुर’ हे या घराण्यातले इतर प्रमुख प्रकार होत. फ्राक्टुरचा प्रसिद्ध आरंभीचा ग्रंथ ‘थॉयरडांक’ १५१७ साली छापला गेला.

या चौघांपैकी पिक्सेलच्या कामासाठी टेक्स्टुराच घ्यावा, असे ठामपणे सांगता येते. फ्राक्टुरमध्ये अर्धी रेघ सरळ तर अर्धी लवचीक असते आणि त्याच्या मोठ्या अक्षरांना हत्तीच्या सोंडेसारखे वळसे असतात. रोटुंडात गोलाई आहे. चौकटींच्या जाळीत गोलाई उतरवायची म्हणजे जिन्याच्या पायऱ्या रचाव्या लागतात, आणि लहान आकारात त्या पायऱ्या पायऱ्याच दिसतात. टेक्स्टुरात मात्र गोलाई जवळजवळ नाहीच. त्याचे बहुतेक छोटे अक्षर एकाच घटकातून घडते: लेखणीच्या टोकाच्या रुंदीइतकी जाड, त्या रुंदीच्या साधारण साडेचार ते पाचपट उंच अशी उभी दांडी, जिच्या वर व खाली तिरपा चौकोनी ठसा असतो. बोरूने कित्ता गिरवलेल्या वाचकाला हे लगेच उमगेल. चपटे टोक एका ठरावीक कोनात धरून कागदावर नुसते टेकवून किंचित ओढले की जो तिरपा चौकोन उमटतो, तोच हा ठसा. लेखणीची रुंदी हेच मोजमापाचे एकक मानून अक्षर बांधण्याची ही पद्धत आणि पिक्सेल हेच एकक मानून अक्षर बांधण्याची पद्धत यांची जात एकच असल्यामुळे, पाचशे वर्षांचे अंतर असूनही ही दोन वळणे एकमेकांत सहज बसतात.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिन्टॉश संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या टंकांमध्ये ‘लंडन’ नावाचा एक ब्लॅकलेटर टंक होता. सुसान केअर या चित्रकर्तीने त्या संगणकासाठी चितारलेल्या टंकांना आधी फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरी रेल्वेस्थानकांची नावे दिली गेली होती. स्टीव्ह जॉब्सच्या सांगण्यावरून ती जाऊन शिकागो, जिनिव्हा, न्यूयॉर्क, लंडन अशी जगप्रसिद्ध शहरांची नावे आली. त्या यंत्राचा पडदा ५१२ गुणिले ३४२ पिक्सेलांचा, केवळ काळा-पांढरा होता. करड्या छटा नव्हत्या, त्यामुळे कडा मऊ करण्याची सोयही नव्हती. एका इंचात ७२ पिक्सेल असल्याने मुद्रणातला एक पॉइंट म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल असा सरळ हिशेब होता. लंडन हा १८ पॉइंटांचा टंक होता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच संचातला रोजच्या कामाचा शिकागो १२ पॉइंटांत भागत होता, पण ब्लॅकलेटरला त्याच्या दीडपट उंची द्यावी लागली.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी याचे दुसरे रूप टर्बो सी या प्रणालीत पाहिलेले आहे. तिच्या चित्रालेखन विभागात शून्य क्रमांकाचा मूळ टंक आठ बाय आठ पिक्सेलांचा होता आणि चौथ्या क्रमांकावर ‘गॉथिक फॉन्ट’ मिळत असे; प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी स्वतःचे नाव त्या टंकात पडद्यावर उमटवण्याची हौस पुष्कळांनी भागवून घेतली असेल. तो गॉथिक मात्र पिक्सेल टंक नव्हता. त्याची अक्षरे रेघांच्या रूपात साठवलेली होती आणि हव्या त्या आकारात ती नव्याने काढली जात, म्हणून लहान आकारात रेघा एकमेकींवर चढून अक्षराचा गोळा होई. पिक्सेल टंकात प्रत्येक ठिपका माणसाने ठरवलेला असतो. हा फरक टर्बो सीच्या त्या काळ्या पडद्यावर उघड्या डोळ्यांना दिसत असे.

आखणीचा पहिला निर्णय उंचीचा. आठ बाय आठची चौकट जुन्या यंत्रांमुळे सुप्रसिद्ध आहे: कमोडोर ६४ मध्ये २५६ चिन्हांचा पूर्ण संच २,०४८ बाइटांत मावत असे, आणि निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची चित्रेही आठ बाय आठच्या फरश्यांतूनच जुळवली जात. परंतु या चौकटीत ब्लॅकलेटर बसत नाही, आणि ते का बसत नाही हे साध्या बेरजेने कळते. छोट्या ‘एम’ला तीन दांड्या लागतात. दांडी दोन पिक्सेलांची धरली आणि मधली पोकळी एकेकाच पिक्सेलची ठेवली तरी दोन, एक, दोन, एक, दोन मिळून आठ पिक्सेल संपतात आणि शेजारच्या अक्षरापासून वेगळे राहण्यासाठी काहीच उरत नाही. दांडी एका पिक्सेलची आणि पोकळी दोनची केली तर ‘एम’ सातात बसतो आणि एक मोकळा राहतो, पण मग जाड-बारीक हा भेदच नाहीसा होतो, कारण एका पिक्सेलहून बारीक काही असूच शकत नाही. अशा चौकटीत ब्लॅकलेटरचा फार तर भास आणता येतो. एखाद्या खेळासाठी याच चौकटीची सक्ती असेल तर छोटी अक्षरे साधी, कोन कापलेली ठेवावी आणि सगळा थाट मोठ्या अक्षरांवर खर्च करावा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. जेथे सक्ती नाही तेथे सोळा पिक्सेलांची उंची आणि अक्षरागणिक बदलणारी रुंदी घ्यावी: छोट्या अक्षराच्या मुख्य भागाला नऊ ओळी, वर उठणाऱ्या दांड्यांसाठी तीन, खाली उतरणाऱ्या शेपट्यांसाठी तीन आणि दोन ओळींमधल्या फटीसाठी एक. टेक्स्टुरात वरच्या-खालच्या दांड्या मुळातच आखूड असतात, त्यामुळे ही वाटणी ओढूनताणून केलेली वाटत नाही.

आता दांडी. चौकटीच्या कागदावर चार स्तंभ आणि नऊ ओळी आखून घ्याव्यात. दुसरा आणि तिसरा स्तंभ ही दांडीची जागा. पहिल्या ओळीत फक्त दुसरी चौकट भरावी, दुसऱ्या ओळीत पहिली, दुसरी आणि तिसरी. तिसऱ्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत दुसरी व तिसरी. आठव्या ओळीत दुसरी, तिसरी आणि चौथी. नवव्या ओळीत फक्त तिसरी. एकूण अठरा चौकटी भरल्या जातात आणि लेखणीच्या ठशाचा तिरपेपणा डोके व पाय अशा दोन्ही ठिकाणी उतरतो. कागद उलटा धरला तरी आकृती जशीच्या तशी दिसते, हा या रचनेचा विशेष गुण असून त्याचा उपयोग पुढे होतो.

अशा दोन दांड्या शेजारी-शेजारी ठेवल्या की दुसरीचे चार स्तंभ पहिलीच्या लगेच पुढे येतात आणि दोन काळ्या दांड्यांच्या मध्ये दोन पांढरे स्तंभ सापडतात; काळे दोन, पांढरे दोन, हीच ती वीण. मात्र या छत्तीस चौकटींत अजून कोणतेच अक्षर नाही. दुसऱ्या ओळीत चौथ्या स्तंभातली एक चौकट भरली की दोन डोकी जोडली जातात आणि छोटा ‘एन’ तयार होतो. तीच एक चौकट वर न भरता आठव्या ओळीत, पाचव्या स्तंभात भरली की पाय जोडले जातात आणि छोटा ‘यू’ होतो, जो वस्तुतः उलटा धरलेला ‘एन’च आहे. दोन्ही भरल्या तर ‘ओ’. त्यात दुसऱ्या ओळीतले डावे टोक आणि आठव्या ओळीतले उजवे टोक पुसून टाकावे, म्हणजे त्याची षट्कोनी आकृती स्पष्ट होते. एका चौकटीवर अक्षराची ओळख अवलंबून असणे हा या टंकातला आनंद आहे आणि धोकाही, कारण पडद्याने ती एक चौकट जरा जरी पुसट केली तरी ‘एन’चे दोन बिनठिपक्यांचे ‘आय’ होऊन जातात.

मध्ययुगीन लेखनिकांनाही हीच अडचण होती. ‘मिनिमम’ हा लॅटिन शब्द टेक्स्टुरात लिहिला की पंधरा एकसारख्या दांड्यांचे कुंपण उभे राहते, आणि त्यातल्या कोणत्या तीन दांड्या ‘एम’च्या व कोणत्या दोन ‘यू’च्या हे वाचकाला मोजत बसावे लागते. ‘आय’च्या डोक्यावर बारीक तिरपी रेघ देण्याची रीत अशाच गोंधळातून वाट काढण्यासाठी रुळली आणि आजचा ठिपका तिच्यापासून आला. म्हणून पिक्सेल टंकातही ‘आय’वर चौकोनी ठिपका न देता कोपऱ्याला कोपरा लावून दोन चौकटींची तिरपी रेघ द्यावी, ती ऐतिहासिक दृष्ट्या रास्त आहे आणि दांड्यांच्या गर्दीत चटकन दिसते.

अक्षरांमधल्या अंतराचा प्रश्न याच शब्दावर तपासून पाहावा. अक्षराच्या आतली पोकळी आणि दोन अक्षरांमधली पोकळी सारखीच, म्हणजे दोन-दोन पिक्सेलांची, ठेवली तर ‘मिनिमम’ साठ स्तंभांत बसतो आणि वीण निर्दोष दिसते, पण शब्द वाचता येत नाही. सहा सांध्यांवर प्रत्येकी एक स्तंभ वाढवला की शब्द सहासष्ट स्तंभांचा होतो, दांड्यांमधले अंतर अक्षराच्या आत दोन आणि अक्षराबाहेर तीन असे राहते, आणि डोळा आपोआप गट पाडू लागतो. जाणकार सुलेखनकाराला हा एक स्तंभ खटकेल, कारण खऱ्या टेक्स्टुराची शान एकसारख्या विणीतच आहे. तरीही पडद्यासाठी तो द्यावा. दोन स्तंभ वाढवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्या बिंदूला ब्लॅकलेटर संपते आणि सुट्या काठ्यांची रांग सुरू होते. ‘ओ’नंतर ‘ई’ किंवा ‘बी’नंतर ‘ओ’ अशा गोल पोटाच्या अक्षरांना जुने लेखनिक एकमेकांत घुसवून एकच दांडी सामाईक ठेवीत. अशी चार-पाच जोडाक्षरे टंकात घातली तर जास्तीच्या स्तंभाने सैल झालेली वीण पुन्हा आवळता येते.

तिरप्या रेघांची अक्षरे थोडकीच आहेत. ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांना सरळ दांड्यांत बदलावे, ‘एक्स’ला एकच दांडी देऊन मध्ये आडवी काट मारावी, ‘के’ला आडव्या रेघेवर भागवावे, टेक्स्टुरात तसेच होते. खरा त्रास ‘ए’, ‘जी’ आणि ‘एस’ देतात. छोट्या ‘ए’मध्ये एकाखाली एक अशा दोन पोकळ्या असतात आणि नऊ ओळींत त्या जेमतेम मावतात; खालची पोकळी वरचीपेक्षा एक ओळ मोठी ठेवावी, नाहीतर अक्षर डोक्यावर पडल्यासारखे दिसते. ‘एस’ काढताना गोलाई विसरून त्याला तीन ठशांत मोडावे: वरचा तिरपा ठसा, मधली उजवीकडे उतरणारी पट्टी, खालचा तिरपा ठसा. शब्दाच्या सुरुवातीला व मध्ये वापरला जाणारा लांब ‘एस’, ज्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे, तोही टंकात असावा, पण सर्वसाधारण मजकुरात तो आपोआप येऊ देऊ नये. आजचा वाचक त्याला ‘एफ’ समजतो, आणि तसे समजण्यात त्याचा दोष नाही, कारण दोघांत उजवीकडे बाहेर आलेल्या आडव्या रेघेच्या तुकड्याचाच काय तो फरक असतो. झुझाना लिको या अक्षरकर्तीने १९८० च्या दशकात मॅकिन्टॉशवर ढोबळ ठिपक्यांचे टंक घडवले आणि १९९० मध्ये ‘टोटली गॉथिक’ हा ब्लॅकलेटरकडे झुकणारा टंक काढला. वाचनीयता ही अक्षरात उपजत नसून वाचकाच्या सवयीतून येते, असे तिचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ते बव्हंशी पटण्यासारखे आहे, परंतु आजच्या वाचकाला लांब ‘एस’ची सवय लागेपर्यंत थांबण्याची उसंत कोणाही प्रकाशकाला नसते.

मोठी अक्षरे बारा ओळींची, म्हणजे मुख्य भागाच्या नऊ आणि वरच्या तीन. ब्लॅकलेटरचा बाज लोकांच्या मनात ठसलेला असतो तो याच अक्षरांमुळे, आणि येथे दांडीच्या बरोबरीने केसासारख्या बारीक रेघेला काम मिळते. दांडी दोन पिक्सेलांची व केसरेघ एका पिक्सेलची, एवढाच भेद उपलब्ध आहे. मोठ्या ‘ओ’, ‘सी’, ‘जी’ यांच्या पोटात दांडीला समांतर अशी एक उभी केसरेघ, दोन्ही बाजूंना किमान एक पांढरा स्तंभ राखून, सोडली की ओल्ड इंग्लिशचा आभास पुरेसा होतो. दोन केसरेघा सोडल्या की पोट भरून काळे होते. कोपऱ्यांतून बाहेर आलेले काटे प्रत्येक अक्षराला एकच ठेवावेत, आणि तेही डावीकडे. ही अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी घडवलेली आहेत, म्हणून संपूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत कधीही जुळवू नये. गोंदणाच्या दुकानांच्या पाट्यांवर हा प्रमाद वारंवार दिसतो आणि तेथे वाचता न येणे हाच कदाचित हेतू असावा. आकडे आणि विरामचिन्हे यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: आकडे बारा ओळींचे व एकसारख्या रुंदीचे ठेवावेत, पूर्णविराम तिरप्या चौकोनाचा करावा.

कागदावर जमलेली अक्षरे टंकाच्या फाइलीत नेताना वेगळ्याच चुका होतात. फॉन्टस्ट्रक्टसारख्या संकेतस्थळावर विटा रचल्याप्रमाणे चौकटी मांडून टंक करता येतो, तर फॉन्टफोर्ज हा विनामूल्य कार्यक्रम अधिक बारकावे हाती देतो. साधन कोणतेही असो, अक्षराच्या पूर्ण उंचीला जितकी एकके दिली असतील ती सोळाच्या पटीत असावीत. १,०२४ एकके धरली तर एक पिक्सेल म्हणजे ६४ एकके, आणि मग अक्षरांची रुंदी, त्यांमधले अंतर, जोडीजोडीने केलेली अंतराची दुरुस्ती असे सर्व काही ६४ च्या पटीतच ठेवावे. एखाद्या जोडीत तीस एककांची दुरुस्ती राहून गेली की त्यापुढची सगळी ओळ जवळजवळ अर्ध्या पिक्सेलाने सरकते. शेजारच्या चौकटी सुट्या न ठेवता त्यांची एकच बाह्यरेषा करावी, नाहीतर आकार बदलताच चौकटींच्या मध्ये केसाएवढ्या पांढऱ्या भेगा दिसतात. याउलट, ज्या चौकटी फक्त कोपऱ्यावर टेकतात, जसा ‘आय’वरचा तिरपा ठिपका, त्यांच्या बाह्यरेषा वेगळ्याच असू द्याव्यात; एकाच बिंदूत स्वतःला स्पर्श करणारी बाह्यरेषा काही कार्यक्रमांना नीट भरता येत नाही.

असा टंक सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस अशा पटीतल्या पिक्सेल-आकारातच वापरावा. वीस पिक्सेलांत तो मांडला तर संगणक कडेला करड्या छटा भरून वेळ मारून नेतो, आणि दोन पिक्सेलांची दांडी कोठे दोन तर कोठे तीन पिक्सेलांची होते. ज्या एका चौकटीवर ‘एन’ उभा आहे ती सर्वांत आधी धूसर होते. खेळासाठी अक्षरांचे चित्रच साठवले असेल तर ते पूर्णांकाच्या पटीतच मोठे करावे. जुन्या यंत्रावर टंक चालवायचा असेल तर त्या यंत्राचा पिक्सेल चौकोनी होता का, हेही पाहून घ्यावे. मॅकिन्टॉशचा होता. पण चार-तीन प्रमाणाच्या पडद्यावर ३२० गुणिले २०० पिक्सेल दाखवणाऱ्या यंत्रांत प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच असे, त्यामुळे कागदावरचा ठसा तेथे उभट दिसतो आणि नऊ ओळींऐवजी आठ ओळींचा मुख्य भाग घ्यावा लागतो. शिवाय जुन्या काचनळीच्या पडद्यावर ठिपक्याच्या कडा किंचित पसरत, आजच्या पडद्यावर त्या सुरीने कापल्यासारख्या दिसतात. जुन्या टंकाची हुबेहूब नक्कल आज अधिक कर्कश वाटते ती यामुळे. त्यावर उपाय म्हणून खोटी झीज, तुटलेल्या कडा, डाग वगैरे चढवण्याची फॅशन आहे, आणि तिने आजवर एकाही चांगल्या अक्षराचे भले झालेले नाही.

वापराच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ब्लॅकलेटर पाहिले की अनेकांना नाझी जर्मनी आठवते, आणि युरोपीय वाचकांसमोर हा टंक ठेवताना ते ओझे सोबत येते. वस्तुस्थिती थोडी वाकडी आहे: आधी या वळणाला अस्सल जर्मन म्हणून मिरवणाऱ्या नाझी राजवटीनेच ३ जानेवारी १९४१ रोजी, नाझी पक्षातील वरिष्ठ अधिकारी बोरमान याच्या सहीच्या परिपत्रकाने, ते ज्यूंचे असल्याचा निराधार आरोप करून बंद केले. तरीही खेळाचे शीर्षक, संगीताच्या मुखपृष्ठावरचे नाव, पुस्तकातील प्रकरणाचे पहिले अक्षर अशा थोडक्या जागी हा टंक शोभतो. सूचना, गुणफलक आणि लांब संवाद यांसाठी त्याच्याच उंचीचा एखादा साधा पिक्सेल टंक जोडीला द्यावा. लंडनसारख्या जुन्या टंकाची अक्षरे ठिपका-ठिपका उचलून नव्या नावाने खपवू नयेत. स्वतःचा टंक इतरांना मोकळा द्यायचा असेल तर एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स हा रुळलेला परवाना आहे, आणि त्यात टंकाचे नाव राखून ठेवता येते, म्हणजे दुसऱ्याने बदललेली आवृत्ती मूळ नावाने फिरत नाही.

मराठी वाचकाच्या मनात येथे देवनागरीचा प्रश्न उभा राहणारच. देवनागरीही चपट्या टोकाच्या लेखणीतून घडलेली असल्याने हा प्रयोग तिच्यात करता येतो, परंतु रोमन दांडीचे डोके-पाय तिला तसेच चिकटवले की अक्षर परके दिसते, आणि त्याला कारण आहे. रोमनमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरणारी तिरपी रेघ सर्वांत जाड असते, तर बोरूचा काप उलट दिशेचा असल्याने देवनागरीत नेमकी दुसऱ्या दिशेची तिरपी रेघ जाड होते. म्हणून ठशाच्या पायऱ्या आरशात पाहिल्याप्रमाणे फिरवून घ्याव्यात. दांडी शिरोरेषेला लटकत असल्यामुळे तिला स्वतंत्र डोके लागत नाही आणि दोन पिक्सेलांची शिरोरेषा विणीचे अर्धे काम परस्पर करून टाकते. पण तीन ओळींचा वरचा भाग येथे पुरत नाही. ‘र्कें’सारख्या अक्षरात रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात, खाली उकारांना वेगळी जागा लागते, आणि दोन पिक्सेलांचा अनुस्वार मात्रेपासून एक पिक्सेल दूर ठेवायचा तर शिरोरेषेच्या वर किमान सहा ओळी राखाव्या लागतात. त्यामुळे देवनागरीसाठी चोवीस पिक्सेलांची उंची घ्यावी, आणि पहिले अक्षर म्हणून ‘क’ न काढता ‘र्कें’ काढून पाहावे. ते बसले की बाकीच्या बाराखडीला जागेची अडचण सहसा येत नाही.